युरोप बघायला निघालेले कोल्हापूरचे छत्रपती फ्लॉरेन्समध्येच का राहिले?

क्रोएशिया, माँटेनेग्रो, अल्बानिया. गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवर या नावांची भलतीच चलती आहे. एका बाजूला उभे डोंगर, पायथ्याशी निळाशार ॲड्रियाटिक समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत लाल कौलांची गावं. परभणी जिल्ह्यातल्या झरीत बसून एखाद्या तरुणाने असं रील बघितलं आणि मनावर घेतलं, तर तिकीट, हॉटेल, नकाशा, खर्चाचा अंदाज हे सगळं त्याला मोबाईलवरच करता येतं.

व्हिसाची वेळ आली की मात्र कागद सुरू होतात. क्रोएशियासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. आजारपण, दवाखाना हे त्या विम्यात असतंच. पण त्यात आणखी एक ओळ असते. प्रवासी तिकडेच वारला, तर त्याचा देह मायदेशी आणण्याचा खर्च. फिरायला निघालेल्या माणसाला ती ओळ वाचायची नसते, म्हणून बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात.

१८७० साली असला विमा नव्हता. त्या वर्षी कोल्हापूरचे छत्रपती युरोप बघायला निघाले. वय अवघं २०. प्रवासाची तयारी जितकी करता येईल तितकी केलेली. सोबत माणसं, स्वयंपाकी, इंग्रज अधिकारी. तरीही परतीच्या वाटेवर, इटलीतल्या एका हॉटेलात, त्यांचा मृत्यू झाला आणि मग ज्या प्रश्नाचा कोणीच विचार केलेला नव्हता तो समोर उभा राहिला. हिंदू राजावर अग्निसंस्कार करायचे कुठे? कारण त्या देशात प्रेत जाळण्याची रीतच नव्हती.

हे छत्रपती म्हणजे राजाराम महाराज. नावावरून गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगायला हवं. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम हे नव्हेत. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज, जे १९२२ ते १९४० या काळात कोल्हापूरच्या गादीवर होते, तेही हे नव्हेत. हे त्या दोघांच्या मधले, १८६६ ते १८७० अशी जेमतेम चार वर्षं गादीवर असलेले.

जन्म १८५० चा. मूळ नाव नागोजीराव, घराणं पाटणकरांचं. कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती शिवाजी महाराज तिसरे, म्हणजे बाबासाहेब महाराज, हे त्यांचे मामा. बाबासाहेबांना पुत्र नव्हता. १८६६ साली शेवटच्या आजारपणात त्यांनी बहिणीच्या या मुलाला दत्तक घेतलं. नागोजीराव राजाराम झाले.

गादी मिळाली, सत्ता नाही. वारस अल्पवयीन, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटच्या हातात गेला. कोल्हापूरच्या बाबतीत इंग्रज तसेही हात राखून होते. १८५७ साली तिथे उठाव झाला होता आणि बाबासाहेबांचे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना थेट कराचीला नेऊन ठेवलं गेलं. ते परत आलेच नाहीत, १८६९ मध्ये तिकडेच वारले. म्हणजे राजाराम युरोपला निघाले त्याच्या आदल्याच वर्षी घराण्यातला एक माणूस घरापासून लांब, परक्या गावात संपला होता.

या नव्या राजाला आपल्या पद्धतीने घडवायचं, हा इंग्रजांचा हिशेब होता. इंग्रजी शिकवायला पारशी शिक्षक नेमले गेले. मुलगा हुशार निघाला. इंग्रजी बोलायला तर शिकलाच, पण रोजनिशी लिहिण्याइतकी भाषा त्याने हातात आणली. ही सवय पुढे फार महत्त्वाची ठरली.

मग युरोपचा बेत ठरला. आज परदेशी जाणं म्हणजे पैशाचा आणि रजेचा प्रश्न. तेव्हा सगळ्यात मोठा प्रश्न धर्माचा होता. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागतं, नाहीतर जात वाळीत टाकते, असा तो काळ. याच्या २० वर्षांनंतर, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्यावरून रानडे आणि टिळकांसारख्या माणसांवर ग्रामण्य आलं होतं. पुण्यातल्या पुण्यात चहा प्यायल्याचा एवढा गहजब, तर सातासमुद्रापलीकडे जाऊन राहायचं म्हणजे काय असेल ते बघा.

मराठी माणूस याआधी विलायतेला गेलाच नव्हता, असं मात्र नाही. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये तब्बल १४ वर्षं राहिले होते. पण ते वकील म्हणून गेलेले. गादीवर बसलेल्या राजाने जायचं हे वेगळं. राज्यातले धर्मविधी, सण, दसऱ्याचा मान या सगळ्याच्या मध्यभागी राजा असतो. तोच बाटला तर? गादीवर असताना युरोपला गेलेले पहिले हिंदू राजे म्हणून राजाराम महाराजांचं नाव घेतलं जातं ते याच कारणाने.

यावरचा तोडगा म्हणजे घरच सोबत न्यायचं. आपला स्वयंपाकी, आपली भांडी, आपले सेवक. हा तोडगा पुढे अनेक संस्थानिकांनी वापरला. १९०२ मध्ये जयपूरचे महाराजा माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांनी चांदीचे अवाढव्य घडे भरून गंगाजल जहाजावर चढवलं होतं. एकेका घड्यात हजारो लिटर पाणी मावत होतं. ते घडे आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ठेवलेले आहेत. कोल्हापूरकरांचा थाट इतका नव्हता, पण विचार तोच. समुद्रापलीकडे जायचं, मात्र आपल्या चुलीवरचंच जेवायचं.

या लवाजम्याबरोबर इंग्रज अधिकारी होते कॅप्टन एडवर्ड वेस्ट. पोलिटिकल एजंटचे सहायक. महाराजांची ओळखपाळख करून द्यायची, बघण्यासारखं दाखवायचं, दरबारी शिष्टाचार सांभाळायचा आणि अर्थातच लक्षही ठेवायचं, असं त्यांचं काम.

वेळ निवडली होती ती अगदी बरोबर. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, म्हणून त्याआधी निघायचं. कोल्हापूरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती आली १८९१ मध्ये. त्यामुळे पुण्यापर्यंत सडकेचा प्रवास. पुढे बोरघाटातून मुंबईला जाणारी रेल्वे मात्र १८६३ पासून धावत होती. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे तिकडच्या बड्या लोकांच्या मेजवान्यांचा, नाटकांचा आणि पार्लमेंटच्या अधिवेशनाचा मोसम. तो गाठायचा, आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत निघायचं, म्हणजे हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत इथलीही हवा छान झालेली असते. आजचा कुठलाही टूरवाला याहून वेगळं वेळापत्रक आखणार नाही.

काळही प्रवासाला अनुकूल होता. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता, त्याला वर्षही झालं नव्हतं. आफ्रिकेला वळसा घालून जाण्याचे दिवस कधीच संपले होते. कालवा होण्याआधी प्रवासी सुएझला उतरायचे, रेल्वेने इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रियाला जायचे आणि तिथे दुसरी बोट पकडायचे. म्हणजे मुंबईहून लंडन महिन्याच्या आत गाठता येत होतं. त्यातच जून १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई आणि लंडन जोडले गेले. बातमी आता तासांवर आली. या तारेचं महत्त्व पुढे कळेल.

त्या वर्षीचा उन्हाळा महाराजांनी इंग्लंडमध्ये घालवला. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. पार्लमेंटमध्ये बसून त्यांनी कामकाज बघितलं. मेजवान्या झाल्या, नाटकं झाली, मोठमोठ्या लोकांच्या गाठीभेटी झाल्या.

त्या उन्हाळ्यात लंडन ही हिंदी माणसांनी गजबजलेली जागा होती. दादाभाई नौरोजी तिथेच होते आणि हिंदुस्थानची गरिबी आकड्यांनी मांडायचं त्यांचं काम सुरू झालेलं होतं. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन इंग्लंडभर भाषणं देत फिरत होते. सय्यद अहमद खान हेही १८६९ पासून तिकडे होते, परत येऊन त्यांनी अलीगढला कॉलेज काढलं. विशीतल्या राजाने नेमक्या कुठल्या वर्षी विलायत बघितली, हे लक्षात घेतलं तर या प्रवासाला नुसती हौस म्हणून बाजूला सारता येत नाही.

रोज जे बघितलं ते महाराज इंग्रजीत लिहून ठेवत होते. महाराजांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८७२ मध्ये, कॅप्टन वेस्ट यांनी ही रोजनिशी संपादित करून लंडनमधून प्रसिद्ध केली. एका मराठी राजाने स्वतः इंग्रजीत लिहिलेलं युरोपचं प्रवासवर्णन, तेही दीडशे वर्षांपूर्वीचं. आता हेही खरं की वेस्ट हे ब्रिटिश सरकारचे नोकर होते. हिंदुस्थानातले राजे असेच व्हावेत, इंग्रजी शिकावेत, विलायत बघून चकित व्हावेत, असं त्यांना वाटणारच. त्यामुळे हे पुस्तक वाचताना लिहिणारा हात राजाचा असला, तरी छापायला देणारा हात कोणाचा होता तेही ध्यानात ठेवावं लागतं.

इकडे महाराज इंग्लंडमध्ये फिरत असताना तिकडे युरोप पेटला. १९ जुलै १८७० ला फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. दीड महिन्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन शत्रूच्या हाती सापडला. महिनाअखेर पॅरिसला वेढा पडला होता. इंग्लंडहून हिंदुस्थानकडे येणारा माणूस एरवी पॅरिसमार्गे मार्सेयला यायचा आणि तिथे बोट पकडायचा. ती वाटच युद्धाने बंद झाली.

आज विमान रद्द झालं की माणूस दुसऱ्या मार्गाचं तिकीट शोधतो. तेव्हाही तेच झालं. इंग्लंडच्या टपाल खात्याने हिंदुस्थानची डाक इटलीतून पाठवायला सुरुवात केली. इटलीच्या टाचेवर, ॲड्रियाटिक समुद्रावर, ब्रिंदिसी नावाचं बंदर आहे. रेल्वेने तिथपर्यंत यायचं आणि पुढे बोटीने अलेक्झांड्रिया. ही वाट इतकी रुळली की पहिल्या महायुद्धापर्यंत मुंबईची डाक ब्रिंदिसीवरूनच येत-जात राहिली. समोरच्या किनाऱ्यावर तेच डोंगर होते जे आज रीलमध्ये दिसतात. तेव्हा त्या मुलखाचा बराचसा भाग ऑस्ट्रियाचा सम्राट आणि तुर्कांचा सुलतान यांच्यात वाटलेला होता आणि सहलीला म्हणून तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं.

राजाराम महाराजांचा मुक्काम हलला तो या बदललेल्या वाटेने. बेल्जियम, जर्मनी, तिथून ऑस्ट्रियातला टायरोलचा डोंगराळ प्रदेश आणि आल्प्स उतरून इटली. आल्प्सखालून जाणारा पहिला मोठा बोगदा, मों सेनीचा, अजून पुरा व्हायचा होता, तो १८७१ मध्ये सुरू झाला. रेल्वेने आल्प्स ओलांडायची सोय होती ती ब्रेनर खिंडीतून, तीही तीनच वर्षं जुनी.

देखावा असा की पोस्टकार्डं छापावीत. पण महिना नोव्हेंबरचा. कोल्हापूरच्या हवेत वाढलेला माणूस, पाठीशी कित्येक महिन्यांची दगदग, आणि समोर बर्फाचे डोंगर. बेत आखताना हिवाळ्याच्या तोंडावर निघायचं ठरलं होतं ते घरची हवा बघून. वाटेतल्या आल्प्सची थंडी त्या हिशेबात धरायचं कारणच नव्हतं, कारण मूळ वाट तिकडून नव्हतीच.

महाराजांची तब्येत ढासळत गेली. फ्लॉरेन्सला पोहोचेपर्यंत आजार बळावला होता. पुढे जाणं शक्य राहिलं नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलातच त्यांनी प्राण सोडला. वय २० वर्षं आणि सात महिने.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. १८६५ पासून १८७१ पर्यंत, अवघी सहा वर्षं, तो मान या शहराकडे होता. इटलीच्या सैन्याने रोम घेतलं होतं ते सप्टेंबर १८७० मध्ये, म्हणजे महाराजांच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी. सरकार अजून रोमला हललेलं नव्हतं. त्यामुळे ब्रिटिश वकीलात फ्लॉरेन्समध्येच होती, इटलीचे मंत्रीही तिथेच. हा योगायोग नसता तर पुढचं सगळं बरंच अवघड झालं असतं.

कारण प्रश्न साधा नव्हता. मृतदेह कोल्हापूरला नेणं अशक्य. पुरणं महाराजांच्या माणसांना मान्य होणार नव्हतं. छत्रपतींच्या देहाला अग्नीच द्यायचा, आणि तोही शास्त्राप्रमाणे. पण इटली हा कॅथलिक देश. प्रेत जाळणं म्हणजे चर्चच्या दृष्टीने पाखंड. मेलेला माणूस शेवटच्या न्यायाच्या दिवशी देहासकट उठणार, ही तिथली श्रद्धा. मग देह जाळून कसा चालेल? इटलीत याआधी एक गाजलेलं दहन झालं होतं ते १८२२ मध्ये, समुद्रात बुडालेल्या इंग्रज कवी शेलीचं, व्हियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर. तेही साथरोगाच्या भीतीने घातलेल्या नियमांमुळे. धर्मविधी म्हणून भर शहरात चिता रचायची, हे फ्लॉरेन्सने कधी बघितलंच नव्हतं.

ब्रिटिश वकीलातीने शहराशी बोलणं केलं. फ्लॉरेन्सचे तेव्हाचे महापौर होते उबाल्दिनो पेरुझी. शहराने खास बाब म्हणून परवानगी दिली. याला दोन कारणं असावीत. एक तर मेलेला माणूस राजा होता आणि त्याच्यामागे ब्रिटिश सरकार उभं होतं. दुसरं म्हणजे ज्या सरकारने नुकतंच पोपच्या हातून रोम काढून घेतलं होतं, त्याला चर्चच्या नाराजीची फार पर्वा करायचं कारण नव्हतं.

मग जागा. कोल्हापूरच्या माणसाला संगमाचं महत्त्व सांगावं लागत नाही. शहराजवळ प्रयाग चिखलीला नद्यांचा संगम आहे आणि पंचगंगेच्या घाटावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. महाराजांच्या सोबतच्या लोकांनी परक्या मुलखातही तेच शोधलं. फ्लॉरेन्समधून आर्नो नदी वाहते. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचं भलंमोठं उद्यान आहे, नदीला लागूनच. त्याच्या अगदी टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला येऊन मिळते. त्या संगमावर चिता रचायची असं ठरलं.

रात्रीच्या काळोखात महाराजांचा देह तिकडे नेण्यात आला. चंदन, कापूर, तूप घालून चिता पेटली. अवेळ असूनही बघायला गर्दी जमली होती. हजारो मैलांवरून आलेल्या मोजक्या माणसांनी, भोवती कोणाला एक मंत्र कळत नाही अशा जागी, आपल्या राजाचे संस्कार आपल्या रीतीने पुरे केले. बरोबर स्वयंपाकी आणले होते ते धर्म राखायला. शेवटी सोबतची हीच आपली माणसं राजाला अग्नी देण्याच्या कामी आली.

बातमी मात्र तारेने गेली. 

या दहनाचा एक धागा पुढे इटलीतच सापडतो. त्या काळात तिथले डॉक्टर आणि सुधारक दहनाची मागणी करत होते. दफनभूमी भरत चालल्या होत्या आणि रोगराईचा धाक होता. १८७६ मध्ये मिलानला आधुनिक युरोपातलं पहिलं मोठं दहनगृह सुरू झालं आणि १८८८ मध्ये इटलीच्या कायद्याने दहनाला रीतसर मान्यता दिली. राजाराम महाराजांमुळे हे झालं, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण जी गोष्ट इटलीत पुढे वादविवाद होऊन मान्य झाली, ती त्याआधी फ्लॉरेन्सच्या लोकांनी एका रात्री डोळ्यांनी बघितली होती, एवढं खरं.

कोल्हापुरात काय झालं? महाराजांना वारस नव्हता. पुन्हा दत्तक. १८७१ मध्ये नारायणराव भोसले या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, ते शिवाजी महाराज चौथे. त्यांच्या वाट्याला आलेला शेवट तर त्याहून करुण. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथे ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. या प्रकरणात केसरी आणि मराठामधल्या लिखाणावरून टिळक आणि आगरकर आधीच डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले होते, ती हकिकत अनेकांना माहीत असते.

मग तिसरं दत्तक. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा यशवंतराव गादीवर आला आणि शाहू महाराज झाला. वसतिगृहं, ५० टक्के राखीव जागा, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, राधानगरी धरण हे सगळं त्यांच्या काळातलं. १८७० मध्ये विशीतले राजाराम महाराज धडधाकट घरी परतले असते आणि त्यांना मुलंबाळं झाली असती, तर कागलच्या यशवंतरावांचा करवीरच्या गादीशी संबंध येण्याचं कारण उरलं नसतं. इतिहासात अशा जर-तरला काही किंमत नसते हे खरंच, पण आल्प्सच्या थंडीपासून राधानगरीच्या धरणापर्यंत ही साखळी मनात आल्याशिवाय राहत नाही.

कोल्हापुरात राजाराम महाराजांचं नाव राहिलं ते शिक्षणात. १८८० मध्ये सुरू झालेलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या त्या कॉलेजात शिकल्या.

फ्लॉरेन्समधल्या संगमावर १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. चार खांबांवर घुमट असलेली छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा, डोक्यावर पगडी, अंगावर दागिने. पुतळा घडवला फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा होता मेजर चार्ल्स मांट यांचा. हे नाव कोल्हापूरकरांना ओळखीचं वाटेल. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा, झालंच तर बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस, या सगळ्या मांट यांच्याच कल्पना. म्हणजे नव्या राजवाड्यासमोर उभं राहून जी कमानी-घुमटांची घडण दिसते, तिचं एक छोटं भावंड आर्नोच्या काठी आहे. स्मारकाच्या चार बाजूंना चार भाषांत लेख कोरले आहेत.

फ्लॉरेन्सच्या लोकांना कोल्हापूर कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. त्यांनी महाराजांना सुटसुटीत नाव दिलं, इंदियानो. म्हणजे हिंदुस्थानी माणूस. स्मारकाला इंदियानो, शेजारच्या जुन्या इमारतीला इंदियानोची हवेली, आणि १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर पोलादी तारांनी तोललेला नवा पूल बांधला गेला, तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं, पोंते आल इंदियानो. १९७८ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला.

युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सचा मुक्काम बहुतेक टूरमध्ये असतोच. डेव्हिडचा पुतळा, मोठं चर्च, जुना पूल, एवढं बघून बस पुढे निघते. इंदियानो त्या यादीत नसतो. त्यासाठी काशिने उद्यानात शिरायचं आणि नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहायचं. तासभर तरी जातो. सायकल मिळाली तर लवकर. उद्यानाची झाडी संपते तिथे कठड्याच्या आत छत्री दिसते आणि तिच्या पलीकडे मुन्योनेचं पाणी आर्नोत मिसळताना दिसतं. मागे पुलाच्या तारा आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा एकसारखा आवाज.